घरमालकाचा खर्च आणि कायद्याचा ठोकताळा

भाड्याने दिलेल्या घराचा मालक वर्षअखेरीस जमाखर्च मांडावयास बसतो, तेव्हा खर्चाची बाजू त्याला नेहमीच भरगच्च दिसते. महापालिकेची घरपट्टी, सोसायटीचे मासिक देखभाल शुल्क, घरात भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटीने आकारलेले बिनभोगवटा शुल्क, नवा भाडेकरू आणून देणाऱ्या दलालाची दलाली, करारनाम्याचे मुद्रांक व नोंदणी, गळक्या मोरीचे काम, रंगसफेती, विम्याचा हप्ता आणि या सर्वांवर कडी करणारा बँकेच्या कर्जाचा हप्ता, अशी ती यादी असते. आणि ज्याअर्थी दुकानदार आपल्या दुकानाचा खर्च वजा करून उरलेल्या नफ्यावरच कर भरतो, त्याअर्थी आपणही हा सारा खर्च वजा करून उरेल तेवढ्यावरच कर भरावयाचा, असे अनुमान तो काढतो. अनुमान तर्कशुद्ध आहे. परंतु भारतीय आयकर कायदा त्या तर्काने चालत नाही. वरील नऊ बाबींपैकी घरपट्टी आणि कर्जाच्या हप्त्यातील व्याजाचा अंश एवढ्याच गोष्टींकडे तो प्रत्यक्ष खर्च म्हणून पाहतो, आणि उरलेल्या साऱ्या खर्चाचा निकाल एका ठरीव टक्केवारीने एकदम लावून मोकळा होतो. असे का होते, या टक्केवारीचा फायदा कोणाला आणि तोटा कोणाला, आणि शहाण्या घरमालकाने कोणती पावती जपावी व कोणत्या पावतीचा मोह सोडावा, हे समजावून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मूळ मुद्दा असा की, घराच्या बाबतीत कायदा मालकाच्या वहीवर कर बसवीत नाही. तो घराच्या कमावण्याच्या शक्तीवर कर बसवितो. व्यापाराच्या उत्पन्नात नफा हे करआकारणीचे अधिष्ठान असते. घरमालमत्तेच्या उत्पन्नात हे स्थान ‘वार्षिक मूल्या’ला आहे, आणि वार्षिक मूल्य म्हणजे ते घर वर्षभर भाड्याने दिले असता वाजवीपणे जे भाडे मिळण्याची अपेक्षा धरता येईल ती रक्कम. महाराष्ट्रातील वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जी जमाबंदी सुरू केली आणि जी पुढे सबंध मुंबई इलाख्यात पसरली, तिचे तत्त्व नेमके हेच होते: शेताचा सारा त्या वर्षी आलेल्या पिकावर न ठरविता जमिनीचा मगदूर पाहून, प्रतवारी करून, तीस वर्षांसाठी कायम करावयाचा. रयतेने जास्त कष्ट घेऊन जास्त पिकविले तर वरचे उत्पन्न तिचे, आणि हयगय केली तर नुकसानही तिचेच. आयकराच्या कायद्याने घराला दिलेली वागणूक या बंदोबस्ताच्या कुळातली आहे.

हिंदुस्थानात आयकर प्रथम आणला तो १८६० साली, सत्तावनच्या उठावाने खिळखिळ्या झालेल्या तिजोरीची डागडुजी करण्यासाठी, जेम्स विल्सन या अर्थसचिवाने. पुढे १९२२ च्या कायद्यात घरमालमत्तेला नववे कलम स्वतंत्र मिळाले, आणि १९६१ च्या कायद्यात तोच विषय बाविसाव्या कलमापासून सविस्तर मांडला गेला. या कायद्याच्या मूळ चोविसाव्या कलमात वजावटींची यादी बरीच लांबलचक होती. दुरुस्तीसाठी वार्षिक मूल्याचा एक षष्ठांश, विम्याचा हप्ता, भूभाडे, जमीनमहसूल, भाडेवसुलीचा खर्च वार्षिक मूल्याच्या सहा टक्क्यांच्या मर्यादेत, घर रिकामे राहिले असेल तर त्या काळाची सूट, आणि कर्जावरील व्याज, अशा अनेक बाबी तीत होत्या. त्या काळी घरमालकाचा कारकून चाळीत फिरून भाडे गोळा करी, आणि त्या कारकुनाच्या पगाराचाही हिशेब प्राप्तिकर अधिकाऱ्यापुढे मांडावा लागे. प्रत्येक बाबीची पावती, प्रत्येक पावतीवरील आक्षेप आणि प्रत्येक आक्षेपावरील अपील यांत दोन्ही पक्षांचा वेळ जाई. अखेर २००१ च्या वित्त अधिनियमाने ही सारी यादी मोडीत काढली आणि तिच्या जागी दोनच वजावटी ठेवल्या: निव्वळ वार्षिक मूल्याच्या ३० टक्के सरसकट, आणि कर्जाऊ घेतलेल्या भांडवलावरील व्याज. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर अधिनियम, २०२५ ने घेतली असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत; जुन्या चोविसाव्या कलमातील वजावटी आता बाविसाव्या कलमात जाऊन बसल्या आहेत. परंतु सांगाडा तोच राहिला आहे, म्हणून पुढील विवेचन दोन्ही कायद्यांना सारखेच लागू पडते.

आता हिशेबाची पहिली पायरी, म्हणजे वार्षिक मूल्य. महापालिकेने ठरविलेले मूल्य आणि त्या वस्तीतील तशाच घराला मिळणारे वाजवी भाडे यांपैकी जे अधिक ते अपेक्षित भाडे धरावयाचे. मात्र घराला भाडे नियंत्रण कायद्याखाली प्रमाणभाडे लागू असेल तर अपेक्षित भाडे त्या मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही, हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली शीला कौशिश यांच्या खटल्यात घालून दिला. याप्रमाणे ठरलेल्या अपेक्षित भाड्याहून प्रत्यक्ष मिळालेले भाडे जास्त असेल तर ते प्रत्यक्ष भाडेच वार्षिक मूल्य ठरते. येथे मुंबईच्या व्यवहारातून एक नाजूक प्रश्न उद्भवला. मालकाने नाममात्र भाडे घेऊन भलीमोठी अनामत रक्कम स्वीकारली, तर त्या अनामतीवर मिळू शकणारे व्याजही भाडेच समजावे, असा खात्याचा युक्तिवाद असे. मुंबई उच्च न्यायालयाने जे. के. इन्व्हेस्टर्स यांच्या प्रकरणात असे काल्पनिक व्याज ‘प्रत्यक्ष मिळालेल्या भाड्यात’ मिळविता येत नाही असे ठरविले. आणि पुढे २०१४ साली टिप टॉप टायपोग्राफी यांच्या प्रकरणात, वाजवी भाडे ठरविताना महापालिकेचे मूल्य हा सामान्यतः भरवशाचा आधार मानावा, तथापि ते भाडे अनामतीमुळे कृत्रिम रीतीने खाली आणलेले आहे असा पुरावा असेल तर अधिकाऱ्याला चौकशी करता येते, असा मध्यममार्ग दाखवून दिला. ज्यांना अनामत मोठी आणि भाडे लहान ठेवण्यात चातुर्य दिसते त्यांनी या निकालाचा उत्तरार्धही लक्षात ठेवावा.

दुसरी पायरी घरपट्टीची. स्थानिक स्वराज्य संस्थेने बसविलेला कर वार्षिक मूल्यातून वजा होतो. परंतु त्याला दोन अटी आहेत आणि दोन्ही काटेकोर आहेत. कर मालकाने स्वतः सोसलेला असला पाहिजे; भाडेकरूने परस्पर भरलेला असेल तर मालकाला त्याची वजावट मागता येत नाही. शिवाय तो त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला असला पाहिजे. मागणीपत्र हाती आले आहे परंतु पैसे भरलेले नाहीत, तर वजावट नाही. उलटपक्षी तीन वर्षांची थकबाकी एकाच वर्षी भरली असेल तर ती सर्वच्या सर्व त्या वर्षी वजा होते. ३१ मार्चपूर्वी चार दिवस आणि नंतर चार दिवस यांत म्हणूनच एका संपूर्ण वर्षाचा फरक पडतो. घरपट्टी वजा जाता उरते त्याला निव्वळ वार्षिक मूल्य म्हणावे. स्वतःच्या राहत्या घराचे वार्षिक मूल्य कायदा शून्य धरतो, म्हणून त्याच्या घरपट्टीची वजावट मिळत नाही; शून्यातून काय वजा करावयाचे?

तिसरी पायरी म्हणजे ३० टक्क्यांची सरसकट वजावट, आणि येथेच घरमालकांच्या कल्पना आणि कायदा यांची सर्वाधिक फारकत होते. ही वजावट मिळण्यासाठी एक रुपयाही खर्च केलेला असण्याची आवश्यकता नाही, कोणी पावती मागत नाही, आणि खर्च त्याहून कमी झाला तरी फरक परत द्यावा लागत नाही. परंतु याच न्यायाने, खर्च त्याहून अधिक झाला तर तो अधिकचा भाग पूर्णपणे मालकाच्या अंगावर पडतो. दलाली, वकिलाची फी, मुद्रांकशुल्क, रंगरंगोटी, नळाचे काम, विमा, वसुलीसाठी ठेवलेल्या माणसाचे वेतन, अगदी इमारतीचा घसारासुद्धा, हे सर्व या ३० टक्क्यांच्या पोटात गेलेले आहे असे कायदा समजतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी सक्तीची करून तिची जबाबदारी मालकावर टाकली आहे; पण त्या नोंदणीचा खर्चही वेगळा वजा होत नाही. सोसायटीच्या शुल्काविषयी मात्र थोडा वाद आहे. मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने काही प्रकरणांत, सोसायटीला दिलेले देखभाल शुल्क हे भाड्याच्या रकमेतून आधीच वळते झालेले असल्यामुळे वार्षिक मूल्य ठरवितानाच ते बाजूला ठेवावे, असे मत दिलेले आहे. तर इतर ठिकाणी, कायद्यात ज्या वजावटीचा उल्लेख नाही ती देता येत नाही, या कडक भूमिकेचा स्वीकार झालेला आहे. सामान्य मालकाने या वादात न पडता करारातच भाडे आणि देखभाल शुल्क वेगळे दाखवावे आणि देखभालीची रक्कम भाडेकरूने थेट सोसायटीला द्यावी अशी तजवीज करावी, हे अधिक शहाणपणाचे. बिनभोगवटा शुल्काबाबत एवढे सांगितले पाहिजे की, ते देखभाल शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येणार नाही, असा महाराष्ट्र शासनाचा २००१ चा आदेश आहे. करात त्याची वजावट मिळत नसली, तरी सोसायटीने जास्त मागितल्यास ते नाकारण्याचा हक्क मालकाला आहेच.

चौथी पायरी व्याजाची, आणि ती सर्वांत मोलाची. घर खरेदी करण्यासाठी, बांधण्यासाठी, दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी वा पुनर्बांधणीसाठी कर्ज काढले असेल तर त्यावरील व्याज वजा होते. कर्ज बँकेचेच असले पाहिजे असे नाही. काकांकडून वा स्नेह्याकडून रीतसर व्याजाने घेतलेली रक्कमही चालते, मात्र कर्जाचा दस्त, व्याजाचा दर आणि सावकाराचे प्रमाणपत्र हाती असावे. येथे ध्यानात घेण्याजोगा बारकावा असा की, घरपट्टीला प्रत्यक्ष भरणा लागतो, व्याजाला मात्र ते त्या वर्षासाठी देय झालेले असणे पुरते. हप्ता थकला असला तरी त्या वर्षाचे व्याज वजावटीस पात्र असते. परंतु थकलेल्या व्याजावर चढलेले व्याज वजा होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७३ चा शिव किसन भट्टर यांच्या प्रकरणातील निर्णय आहे. कर्ज मिळवून देणाऱ्याची दलाली व्याजात येत नाही. हप्त्यातील मुद्दलाचा भाग तर भाड्यातून मुळीच वजा होत नाही. त्यासाठी जुन्या करप्रणालीत दीड लाखाच्या मर्यादेत निराळी सवलत आहे, ती घरभाड्याशी संबंधित नाही.

घर बांधून हाती येण्यापूर्वीच कर्जाचे व्याज सुरू होते, हा अनुभव इमारतीच्या पायाभरणीच्या वेळीच सदनिका घेणाऱ्या प्रत्येकाला असतो. या बांधकामपूर्व व्याजाला त्या त्या वर्षी वजावट नसते. घर पूर्ण झालेल्या वर्षाच्या आधीच्या ३१ मार्चपर्यंत साठलेले व्याज पाच समान हप्त्यांत विभागून, घर पूर्ण झालेल्या वर्षापासून पाच वर्षे, चालू व्याजाच्या जोडीने वजा करावयाचे असते. अनेक मालक हा पाचवा हिस्सा मागावयास विसरतात. राहत्या घराच्या व्याजाला दोन लाखांची मर्यादा आहे. भाड्याने दिलेल्या घराच्या व्याजाला अशी मर्यादा नाही.

हे सारे एका उदाहरणात घालून पाहू. पुण्यात कोथरूडला एका गृहस्थांची सदनिका दरमहा ३०,००० रुपये भाड्याने दिलेली आहे असे समजा; वर्षाचे भाडे ३,६०,००० रुपये झाले. मालकाने वर्षात घरपट्टीचे २४,००० रुपये भरले; निव्वळ वार्षिक मूल्य ३,३६,००० रुपये. त्याचे ३० टक्के म्हणजे १,००,८०० रुपये सरसकट वजा. राहिले २,३५,२०० रुपये. कर्जाचे व्याज वर्षाला १,८०,००० रुपये असेल तर करपात्र उत्पन्न केवळ ५५,२०० रुपये उरते. आता याच मालकाने दलालीचे ३०,०००, रंगाचे ६०,००० आणि सोसायटीचे ३६,००० रुपये खर्च केलेले असोत, वा यांपैकी एकही रुपया खर्चिलेला नसो, या ५५,२०० च्या आकड्यात तिळमात्र फरक पडत नाही. पहिल्या स्थितीत त्याचा किरकोळ खर्च १,२६,००० रुपये, म्हणजे सरसकट वजावटीहून २५,२०० रुपयांनी जास्त झाला, आणि तेवढ्याची झीज त्याने निमूटपणे सोसली. दुसऱ्या स्थितीत संपूर्ण १,००,८०० रुपये त्याला न खर्चिताच वजा मिळाले.

आणि व्याज १,८०,००० न होता ४,००,००० रुपये असेल तर? मग त्या घराचे उत्पन्न १,६४,८०० रुपयांनी उणे होते, आणि येथे जुनी व नवी करप्रणाली यांची वाट फुटते. जुन्या प्रणालीत घराचा हा तोटा पगारादी इतर उत्पन्नातून एका वर्षात दोन लाखांपर्यंत वळता करता येतो, आणि त्यापलीकडचा तोटा पुढील आठ वर्षे केवळ घराच्याच उत्पन्नातून वसूल करता येतो. ही दोन लाखांची मर्यादा २०१७-१८ या वर्षापासून आली, त्यापूर्वी तशी मर्यादा नव्हती. नव्या प्रणालीत मात्र घराचा तोटा पगाराला शिवू शकत नाही; भाड्याने दिलेल्या घराचे व्याज त्याच शीर्षाखालील उत्पन्न शून्यावर येईपर्यंत उपयोगी पडते, आणि राहत्या घराच्या व्याजाला तर वजावटच नाही. २०२३-२४ पासून नवी प्रणाली हीच आपोआप लागू होणारी ठरलेली असल्यामुळे, जुनी हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते. ज्याचे कर्ज जुने होऊन व्याज आटत आले आहे त्याला या भेदाचा चटका बसत नाही. ज्याने मोठे कर्ज काढून भाड्यासाठीच घर घेतले आहे त्याने मात्र दोन्ही रीतींनी आकडेमोड केल्याशिवाय विवरणपत्र भरू नये.

वजावटीचा हक्क मालकाचा असल्यामुळे मालक कोण, हाही प्रश्न महत्त्वाचा ठरतो. खरेदीखताची नोंदणी झालेली नसली तरी ताबा घेऊन भाडे स्वतःच्या हक्काने उपभोगणारा मनुष्य या कामापुरता मालक समजावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली मुंबईच्या पोदार सिमेंट कंपनीच्या प्रकरणात ठरविले. वडिलोपार्जित वाडा चार भावांच्या सामाईक मालकीचा असून प्रत्येकाचा हिस्सा निश्चित असेल, तर भाडे एकत्र येत असले तरी प्रत्येकाने आपापल्या हिश्श्याचे उत्पन्न दाखवावयाचे आणि प्रत्येकाला आपापल्या हिश्श्यावर ३० टक्के मिळावयाचे. पतीने पुरेसा मोबदला न घेता घर पत्नीच्या नावे केले, तर कायद्याच्या दृष्टीने मालक पतीच राहतो. केवळ नाव बदलून कर हलका होत नाही. घर स्वतः भाड्याने घेऊन पुढे पोटभाड्याने देणारा मालक नसतो. त्याचे उत्पन्न ‘इतर उत्पन्न’ या सदरात जाते आणि तेथे प्रत्यक्ष खर्च वजा होतो. तसेच इमारत आणि फर्निचर परस्परांपासून वेगळे करता येणार नाही अशा रीतीने एकत्र भाड्याने दिले, तर तेही इतर उत्पन्नात जाते, हे मुंबईच्या सुलतान ब्रदर्स यांच्या हॉटेलसाठी दिलेल्या इमारतीच्या प्रकरणाने प्रस्थापित केले. या वाटेने घरभाडे इतरत्र दाखवून दुरुस्ती, घसारा वगैरे मागण्याचा मोह मालकांना होई. म्हणूनच २०२४ च्या जुलैतील अर्थसंकल्पाने, निवासी घराचे भाडे व्यवसायाचे उत्पन्न म्हणून दाखविता येणार नाही, घरमालमत्तेच्याच शीर्षाखाली दाखवावे लागेल, असा स्पष्ट निर्बंध घातला.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि पुण्यामुंबईत घर ठेवलेल्या मराठी मंडळींचा येथे विशेष गोंधळ होतो. तेथील कायद्यात भाड्याच्या घराची दुरुस्ती, विमा, व्यवस्थापकाची फी हे सर्व प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे वजा होते, आणि तेथील निवासी इमारतीची किंमत साडेसत्तावीस वर्षांत घसारा म्हणून झिजविता येते. ती सवय घेऊन ते भारतातील विवरणपत्राकडे पाहतात आणि घसाऱ्याचा रकाना शोधीत बसतात. भारतात तो रकाना नाही. शिवाय अनिवासी मालकाला भाडे देणाऱ्या भाडेकरूने, भाडे कितीही अल्प असले तरी, ३० टक्के व त्यावरील उपकर कापून सरकारजमा करावा लागतो. निवासी मालकाच्या बाबतीत भाडे देणारी सामान्य व्यक्ती असेल तर दरमहा ५०,००० रुपयांहून अधिक भाड्यावर ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के कापावे लागतात. ही कपात म्हणजे खर्च नव्हे. ती आगाऊ भरलेल्या कराची जमा आहे, आणि वजावटी मांडून विवरणपत्र भरल्यावर जास्त गेलेली रक्कम परत मिळते. अनिवासी मालकाची कपात संपूर्ण भाड्यावर होत असल्यामुळे, विवरणपत्र न भरणे म्हणजे आपल्या ३० टक्क्यांच्या आणि व्याजाच्या वजावटीवर आपणच पाणी सोडणे होय.

घर रिकामे राहिले किंवा भाडे बुडाले तर काय? भाड्याने दिलेले घर वर्षातील काही महिने रिकामे राहिले आणि त्यामुळे भाडे अपेक्षेहून कमी आले, तर प्रत्यक्ष आलेले भाडेच वार्षिक मूल्य धरतात. संपूर्ण वर्ष रिकामे राहिलेल्या घराविषयी न्यायाधिकरणांचे मत एकसारखे नाही, तरी भाड्याने देण्याचा खरा प्रयत्न झाला होता याचा पुरावा असल्यास मालकाची बाजू बळकट होते. बुडालेले भाडे वगळता येते, परंतु व्यवहार खरा असला पाहिजे, त्या भाडेकरूने घर सोडलेले असावे वा त्याला काढण्याची कारवाई सुरू असावी, मालकाच्या दुसऱ्या कोणत्याही जागेत तो राहत नसावा, आणि वसुलीसाठी कायदेशीर उपाय योजलेले असावेत किंवा ते योजणे व्यर्थ होते असे दाखविता यावे. तेच भाडे पुढे वसूल झाले तर वसुलीच्या वर्षी त्यावर कर लागतो, मग तोवर घर विकून टाकलेले का असेना. मात्र तेव्हाही ३० टक्के वजा मिळतात. याच्या उलट बाजूही आहे: दोन घरे मालकाला स्वतःच्या वापराची म्हणून शून्य मूल्याने दाखविता येतात, परंतु तिसरे घर कुलूपबंद असले तरी ते भाड्याने दिलेलेच आहे असे मानून त्याच्या अपेक्षित भाड्यावर कर घेतला जातो. घराच्या शक्तीवर कर बसविण्याचे तत्त्व या ठिकाणी आपल्या अगदी उघड्या रूपात दिसते.

या तत्त्वाची किंमत कोण देतो, याचाही विचार केला पाहिजे. वाकड वा ठाण्याच्या नव्या संकुलातील सदनिकेचा मालक वर्षाला भाड्याच्या पाच-सात टक्के खर्च करून तीस टक्क्यांची सूट घेतो. आणि गिरगावातील शंभर वर्षांच्या चाळीचा मालक, ज्याच्या इमारतीला दर पावसाळ्यात टेकू द्यावे लागतात, तोही तेवढीच तीस टक्क्यांची सूट घेतो, आणि तीही कोणत्या भाड्यावर? १९४७ च्या मुंबईच्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी जखडून टाकले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली त्या तरतुदी काळाच्या ओघात अन्यायकारक ठरल्या आहेत असे म्हटले, आणि १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ देऊ केली. परंतु शे-दोनशे रुपये भाड्याचे तीस टक्के घेऊन छपराचे एक कौलही बदलत नाही. अशा इमारती मालकाच्या हातून सावरणार नाहीत हे जाणूनच १९६९ मध्ये शासनाने मुंबईतील मोडकळीस आलेल्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ आणि उपकर यांची योजना केली. सरासरीवर आधारलेल्या नियमात असे घडणे अटळ असते. जुन्या पद्धतीत प्रामाणिक मालकाला पावत्यांसाठी धावाधाव करावी लागे आणि अप्रामाणिकाला खोट्या पावत्या करण्यास वाव मिळे. नव्या पद्धतीने दोघांचाही त्रास वाचविला, आणि त्या सोयीचा बोजा ज्यांची घरे जुनी आहेत त्यांच्यावर टाकला. घराच्या वयोमानाप्रमाणे ही टक्केवारी दोन-तीन पायऱ्यांची केली असती तर सोपेपणा न गमावता हा अन्याय बराच कमी झाला असता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तोवर मालकाने पावत्यांची विभागणी मात्र नीट करावी. घरपट्टीची पावती, बँकेचे व्याजाचे प्रमाणपत्र आणि नोंदविलेला करारनामा, ही तीन कागदपत्रे दरसालच्या करासाठी आवश्यक आहेत. रंगाची, नळाची आणि दलालीची पावती दरसालच्या करासाठी निरुपयोगी आहे. परंतु खोली वाढविणे, जुनी बाल्कनी बंदिस्त करून घराचे मूल्य वाढविणे अशा भांडवली सुधारणांच्या पावत्या जपून ठेवाव्यात, कारण घर विकताना भांडवली नफा काढताना त्या खर्चाची भर किमतीत घालता येते. मात्र जे व्याज भाड्यातून एकदा वजा केले, ते किमतीत पुन्हा मिळविता येत नाही, असे २०२३ च्या वित्त अधिनियमाने स्पष्ट केले आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्याला घर भाड्याने द्यावयाचे आहे त्याने हा हिशेब वर्षअखेरीस न करता करारावर सही करण्यापूर्वी करावा. जो खर्च कायदा स्वतंत्रपणे वजा करीत नाही, तो भाड्याच्या आकड्यात आधीच धरलेला असावा, किंवा करारानेच तो भाडेकरूकडे सोपविलेला असावा. कारण सही झाल्यानंतर तो खर्च भरून काढण्याचा दुसरा मार्ग मालकाजवळ उरत नाही.